पंखाचें गणित आणि आज्ञेची ओळ

विमानाच्या पंखाची परीक्षा कशी करावी, हा प्रश्न एके काळीं फार थोड्या लोकांच्या वाट्यास येत असे. ज्यांच्यापाशीं वाऱ्याचा बोगदा, कारखाना आणि पैसा असेल त्यांनीं तो सोडवावा, इतरांनीं आकाशाकडे पाहून नवल करावें, अशी स्थिति होती. आज ती राहिलेली नाहीं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विद्यापीठांत तयार झालेलीं एक्सफॉइल आणि एव्हीएल हीं दोन संगणकीय साधनें कोणासही विनामूल्य मिळतात. जुन्या संगणकावरही तीं चालतात. आणि पंख किती वजन उचलील, मागें किती ओढला जाईल, विमान स्थिर राहील कीं गोते खाईल, या प्रश्नांचीं उत्तरें डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच देतात. आमच्या शाळांतील विद्यार्थ्यांनीं हीं साधनें अवश्य हातीं घ्यावीं, असें माझें मत आहे. परंतु तीं कोणत्या रीतीनें हातीं घ्यावीं, याविषयीं माझें म्हणणें प्रचलित रीतीहून वेगळें आहे, आणि तेंच येथें मांडावयाचें आहे.

प्रथम हीं साधनें कोणत्या जातीचीं, तें सांगितलें पाहिजे. संगणकावरील बहुतेक कामें आज चित्रांच्या द्वारें होतात. पडद्यावर खिडक्या उघडतात, बटणें दिसतात, आणि ज्याच्यावर बोट ठेवावें तें घडतें. एक्सफॉइल आणि एव्हीएल यांचा पंथ निराळा. येथें पडद्यावर एक ओळ असते, तिच्या शेवटीं लहानशी खूण लुकलुकत असते, आणि तिच्यापुढें रोमन अक्षरांत आज्ञा टंकावी लागते. आज्ञा ओळखीची असली तर यंत्र ती पाळतें; नसली तर तसें सांगून पुन्हां आपलें वाट पाहत बसतें. पंखाचें चित्र पाहिजे असल्यास तेंही आज्ञा देऊनच मागावें लागतें. आजच्या मुलास हें सारें ओसाड वाटतें. सजविलेल्या दिवाणखान्यांतून उचलून अंधाऱ्या कोठाराच्या दारांत आणून उभें करावें, तसें त्याला होतें.

माझ्या मतें हा ओसाडपणाच विद्यार्थ्याच्या हिताचा आहे. दुकानांत जाऊन 'तें द्या' म्हणून बोट दाखविणाऱ्या मुलास वस्तूचें नांव ठाऊक असण्याचें कारण पडत नाहीं. 'हरभऱ्याची डाळ, पाव किलो' म्हणून मागणाऱ्यास नांवही ठाऊक असावें लागतें आणि मापही. आज्ञेच्या ओळीपुढें बसणारा विद्यार्थी हें या दुसऱ्या प्रकारचें गिऱ्हाईक होय. आपल्यास काय पाहिजे, त्याला शास्त्रांत काय म्हणतात, तें कोणत्या मापांत पाहिजे, हें मनाशीं ठरल्याखेरीज त्याला एक अक्षर टंकतां येत नाहीं.

विज्ञान-प्रदर्शनांतून हल्लीं काय चालतें तें पाहिलें, म्हणजे या गोष्टीची जरुरी कळून येते. थर्माकोलचें विमान मांडलेलें असतें. मागें भिंतीवर लाल, पिवळ्या, निळ्या रंगांनीं नटलेला पंखाचा तक्ता लावलेला असतो. आणि त्यापुढें उभा असलेला विद्यार्थी 'लाल भागांत दाब जास्त, निळ्या भागांत कमी' हें पाठ केलेलें वाक्य म्हणतो. त्याला पंखाचें क्षेत्रफळ विचारा. तो तक्त्याकडे पाहतो, मित्राकडे पाहतो, शेवटीं शिक्षकांकडे पाहतो. दोष मुलाचा नाहीं. त्याच्या हातीं उत्तर आयतें पडलें. प्रश्न कोणता होता, तें त्याला कोणीं सांगितलेंच नाहीं. परीक्षकही रंगांवर संतुष्ट होऊन पुढल्या टेबलाकडे वळतात, हें त्याहून वाईट.

यास्तव माझें पहिलें म्हणणें असें: ज्या पंखाचें उत्तर कागदावर काढतां येतें अशाच पंखापासून आरंभ करावा, आणि तें उत्तर काढून झाल्यावरच संगणक उघडावा. असा पंख म्हणजे साधी, पातळ, सपाट, काटकोनी फळी. तिची लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २ मीटर आणि रुंदी सर्वत्र ०.२५ मीटर घेऊं. क्षेत्रफळ ०.५ चौरस मीटर झालें; लांबी रुंदीच्या आठपट झाली. ही फळी वाऱ्याशीं ५ अंशांचा कोन करून धरली आहे, आणि वारा सेकंदास १० मीटर, म्हणजे तासास ३६ किलोमीटर वेगानें वाहत आहे. ती किती वजन उचलील?

येथें उत्थापनांक नांवाची एक संख्या लागते. वाऱ्याचा जोर आणि पंखाचें क्षेत्रफळ यांचा हिशेब बाजूस ठेवून, नुसत्या आकारामुळें आणि कोनामुळें पंखास उचलण्याची जी शक्ति येते, ती या एका संख्येंत सांगतात. अमर्याद लांबीच्या पातळ पंखास कोनाच्या दर अंशामागें सुमारें ०.११ इतका उत्थापनांक मिळतो, हें गणितानें सिद्ध आहे. ५ अंशांस तो ०.५५ झाला. परंतु आपला पंख अमर्याद नाहीं. त्याला दोन टोकें आहेत, आणि टोकांपाशीं खालची अधिक दाबाची हवा वरच्या बाजूस वळून भोवरे उत्पन्न करते. त्यांच्या योगानें पंखावरील सारा वारा थोडासा खालीं झुकतो आणि कोनाचा कांहीं भाग वायां जातो. हा तोटा किती, तें गॉटिंगेन येथील जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांट्ल यांनीं १९१८-१९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या गणितांत सांगितलें. आदर्श पंखासाठीं त्यांचें सूत्र शाळेच्या विद्यार्थ्यास झेपण्याजोगें आहे. २ ला लांबी-रुंदीच्या प्रमाणानें भागावें, त्यांत १ मिळवावा, आणि आलेल्या संख्येनें ०.५५ ला भागावें. २ भागिले ८ म्हणजे ०.२५, १ मिळवून १.२५, ०.५५ भागिले १.२५ म्हणजे ०.४४. दशांश अपूर्णांक ज्याला येतात त्याला हें येतें.

आतां वजन. हवेची घनता दर घनमीटरास १.२२५ किलोग्रॅम, तिला वेगाच्या वर्गानें गुणून निम्में केलें म्हणजे ६१.२५. त्यास क्षेत्रफळ ०.५ नें आणि उत्थापनांक ०.४४ नें गुणलें असतां सुमारें १३.५ न्यूटन बल येतें. म्हणजे १,३७० ग्रॅमच्या आसपासचें वजन. हा आंकडा वहींत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. पुढें संगणक जें कांहीं सांगेल त्याचा हा साक्षीदार आहे.

मग एव्हीएल उघडावें. हें साधन हॅरॉल्ड यंग्रेन यांनीं १९८८ च्या सुमारास प्रथम लिहिलें, आणि पुढें मार्क ड्रेला व यंग्रेन या दोघांनीं तें वाढविलें. नांवांतील तीन अक्षरांचा अर्थ 'अथीना भोवरा-जाळी' असा आहे. अथीना हें त्या विद्यापीठांतील संगणक-योजनेचें नांव. पंखाचे लहान लहान चौकोनी तुकडे पाडावयाचे, प्रत्येक तुकड्यावर घोड्याच्या नालाच्या आकाराचा एक भोवरा बसवावयाचा, आणि हवा पंखांतून आरपार जाऊं शकत नाहीं या एका अटीवरून सर्व भोवऱ्यांचे जोर एकदम सोडवून काढावयाचे, अशी ही रीत. व्ही. एम. फॉकनर यांनीं ब्रिटनमध्यें १९४३ सालीं ती मांडली तेव्हां समीकरणें माणसांनींच सोडवावयाचीं होतीं. शंभर अज्ञातांचीं शंभर समीकरणें हातानें सोडविण्याची कल्पना करून पाहावी, म्हणजे संगणकानें काय उपकार केले तें ध्यानीं येईल. मी संगणकाचा निंदक नाहीं.

पंखाचें वर्णन एव्हीएलला साध्या मजकुराच्या फाईलींत लिहून द्यावें लागतें. ही फाईल म्हणजे पंखाची जन्मपत्रिकाच. पहिल्या ओळींत नांव, आपल्यास रुचेल तें. दुसऱ्या ओळींत विमानाच्या वेगाचें ध्वनीच्या वेगाशीं प्रमाण. आपला वेग त्यामानानें अल्प, म्हणून शून्य. तिसऱ्या ओळींत सममितीविषयींचे तीन आंकडे, तिन्ही शून्य. चौथ्या ओळींत क्षेत्रफळ, रुंदी आणि लांबी: ०.५, ०.२५, २.०. पांचव्या ओळींत, ज्या बिंदूभोंवतीं फिरविणारा जोर मोजावयाचा त्याचें स्थान. तो पुढच्या कडेपासून रुंदीच्या चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे ०.०६२५ मीटरवर घ्यावा, आणि बाकीचे दोन आंकडे शून्य ठेवावे. येथवर सबंध विमानाची माहिती झाली.

नंतर 'सरफेस' हा शब्द एका ओळीवर आणि त्याखालीं पंखाचें नांव. त्यापुढील ओळींत तुकडे किती पाडावयाचे तें सांगावें: रुंदींत ८ आणि लांबींत २०, आणि या प्रत्येक आंकड्यामागें तुकड्यांच्या वांटणीचा प्रकार दाखविणारा १.०. त्याखालीं वाय हें अक्षर आणि 'डुप्लिकेट' हा शब्द, मधें जागा न सोडतां, आणि खालच्या ओळींत शून्य. याचा अर्थ असा, कीं उजवा अर्धा पंख मी सांगतों, डावा तूं आरशांतल्याप्रमाणें करून घे. शेवटीं 'सेक्शन' हा शब्द दोनदां, मधल्या छेदासाठीं एकदां आणि टोकाच्या छेदासाठीं एकदां. प्रत्येकाखालीं पांच आंकडे असतात: पुढच्या कडेचें मागें, उजवीकडे आणि वर असें तीन दिशांचें स्थान, तेथील रुंदी, आणि तेथें पंखास दिलेला पीळ. मधल्या छेदास ०, ०, ०, ०.२५, ०, टोकाच्या छेदास ०, १, ०, ०.२५, ०. संपलें. आंकड्यांमध्यें स्वल्पविराम न देतां नुसती जागा सोडावी. शब्द आणि आंकडे अर्थातच रोमन लिपींत.

साधन सुरू करतांना त्याच्या नांवापुढें या फाईलीचें नांव टंकावें. फाईल नीट वाचली गेली म्हणजे खूण पुढल्या आज्ञेसाठीं थांबते. 'ओपर' ही आज्ञा द्यावी. हिनें आपण गणिताच्या दालनांत शिरतों. तेथें 'ए ए ५' असें टंकावें, म्हणजे वाऱ्याशीं कोन ५ अंश ठरला. मग नुसतें 'एक्स' हें अक्षर. एवढ्यानें पडद्यावर आंकड्यांचा तक्ता येतो, आणि त्यांत सी, एल व टॉट या अक्षरांपुढें लिहिलेली संख्या हाच आपला उत्थापनांक.

तो ०.४४ येत नाहीं. ०.४१ च्या आसपास येतो. वजनाच्या भाषेंत १,३७० ग्रॅमचे सुमारें १,२८० ग्रॅम झाले. येथें उतावळा विद्यार्थी म्हणतो, माझें चुकलें. त्याहून उतावळा म्हणतो, यंत्र चुकलें. दोघांनींही थांबावें. प्रांट्ल यांचें सोपें सूत्र त्या आदर्श पंखाचें आहे, ज्याच्यावरील उत्थापन मध्यापासून टोकांकडे लंबवर्तुळाच्या वळणानें उतरत जातें. आपली फळी टोकापर्यंत सारखीच रुंद असल्यामुळें तशी नाहीं, म्हणून तिच्या टोकांचा तोटा अधिक. शिवाय त्या सूत्रांत पंख म्हणजे जणूं रुंदी नसलेली एक रेषा, असें मानलेलें आहे. जाळीच्या रीतींत रुंदीही हिशेबांत येते. दोन्ही कारणांनीं आंकडा थोडा खालीं उतरतो, आणि तो खालींच उतरावयास पाहिजे. ०.४८ आला असता तर काळजीचें कारण होतें. हें ज्याला उमगलें त्याला पंख उमगूं लागला, असें मी समजतों. आणि या तीन शतांशांच्या फरकांत जेवढें शिक्षण आहे तेवढें भिंतभर रंगीत तक्त्यांत नाहीं.

या साधनाचा एक स्वभाव नवशिक्यानें ओळखून असावें. तें आज्ञाधारक आहे, पण टोकणारें नाहीं. चौथ्या ओळींतील क्षेत्रफळ तें स्वतः मोजून पाहत नाहीं. लिहिलें असेल तें खरें मानतें. ०.५ च्या जागीं ५ लिहिलें गेलें तर उत्थापनांक एकदशांश होऊन ०.०४१ येईल, आणि तोही तितक्याच ठाम अक्षरांत, दशांशस्थळांच्या त्याच लांबलचक शेपटीसह. डुप्लिकेटची ओळ गळली, तर अर्धाच पंख हवेंत राहील. उत्थापनांक निम्म्याहूनही खालीं जाईल, आणि विमानास कुशीवर लोळविणारा जोर, जो शून्य असावयास पाहिजे, तो शून्य राहणार नाहीं. तक्त्यांत ही खूण स्पष्ट असते; पण ज्यानें हवा तेवढा एकच आंकडा उतरून घेतला त्याला ती दिसावी कशी?

आणि कोन ५ च्या ऐवजीं ४० अंश दिला तर? खरा सपाट पंख दहा-पंधरा अंशांच्या आसपासच हातपाय गाळतो. त्याच्या पाठीवरून हवा सुटते आणि विमान कोसळूं लागतें. एव्हीएलच्या गणितांत हवा पंखाची पाठ कधीं सोडीतच नाहीं. म्हणून ४० अंशांस तें दोनाहून मोठा उत्थापनांक निर्विकारपणें छापून मोकळें होतें. तेवढें उचलणारी सपाट फळी कोणत्याही सुताराच्या हातून होणार नाहीं. वर सांगितलेल्या तिन्ही प्रसंगीं यंत्र गप्पच बसतें, आणि वहींतील ०.४४ हा आंकडा तेवढा ओरडून सांगतो कीं कोठें तरी घोटाळा आहे. कागदावरचा हिशेब आधीं करावा, असा माझा आग्रह आहे तो यासाठीं.

छापील आंकड्यापुढें मान तुकविण्याची संवय संगणकानें आणली, असें मात्र कोणीं समजूं नये. ती जुनी आहे. अमेरिकेंतील ओहायो प्रांतांत डेटन गांवीं सायकलींचा व्यवसाय करणारे विल्बर आणि ऑर्विल राइट हे बंधु १९०१ च्या उन्हाळ्यांत आपलें नवें ग्लायडर घेऊन किटी हॉक येथील वाळूच्या टेकड्यांवर गेले. हिशेबाप्रमाणें तें जेवढें उचलावयाचें त्याच्या सुमारें एकतृतीयांशच त्यानें उचललें. त्या हिशेबांत वाऱ्याच्या दाबाचा एक गुणक होता. इंग्रज अभियंते जॉन स्मीटन यांच्या नांवानें तो १७५९ पासून चालत आलेला, ०.००५ या किंमतीचा. आणि जवळ जवळ दीड शतक तो ग्रंथांतून ग्रंथांत उतरत आला होता. राइट बंधूंनीं स्वतःच्या मापनांवरून तो ०.००३३ च्या आसपास ठरविला. त्यांच्या निराशेस पंखाच्या आकाराची व इतरही कारणें होतीं. पण हा फुगलेला गुणक त्यांतील एक होता हें खास. मग त्याच वर्षाच्या शेवटीं त्यांनीं सहा फूट लांबीचा वाऱ्याचा बोगदा घरच्या घरीं बांधला, आणि करवतीचीं पातीं व सायकलीच्या चाकाच्या तारा यांपासून केलेल्या तराजूंवर सुमारें दोनशें लहान लहान पंख तोलून पाहिले. १९०२ चें त्यांचें ग्लायडर या नव्या आंकड्यांवर उडालें, आणि १७ डिसेंबर १९०३ चें यंत्रविमान त्याच्यानंतरचें. त्यांच्याजवळ जें होतें तें बहुतेक कोणत्याही तालुक्याच्या गांवीं मिळूं शकतें. फक्त ग्रंथांतील आंकडा तोलून पाहण्याची जिद्द विकत मिळत नाहीं.

अवरोधाची, म्हणजे पंखास मागें ओढणाऱ्या बलाची, गोष्ट अजून राहिली. आपल्या फळीसाठीं एव्हीएल अवरोधांक सुमारें ०.००७ सांगतें. ०.४१ ला ०.००७ नें भागलें तर ५८ येतात. याचा अर्थ, हें विमान १ मीटर खालीं उतरेपर्यंत ५८ मीटर पुढें जाईल. शर्यतींच्या उत्तमोत्तम ग्लायडरांची ही प्रत झाली; आपल्या फळीची ती कशी असेल? येथेंही हिशेब चुकलेला नाहीं. तो अपुरा आहे. टोकांच्या भोवऱ्यांमुळें होणारा अवरोध तेवढाच एव्हीएल आपण होऊन मोजतें. हवा पंखाच्या कातडीस घांसून जाते त्याचा अवरोध त्यांत नाहीं, आणि तो वेगळा काढून घालावा लागतो.

त्यासाठींच एक्सफॉइल. हें मार्क ड्रेला यांनीं १९८६ सालीं लिहिलें. तें सबंध पंख पाहत नाहीं, पंखाचा एक आडवा छेद पाहतें. पण त्या छेदास चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराचा हिशेब फार बारकाईनें करतें. आज्ञा येथेंही चारच. 'नाका २४१२' म्हटलें कीं छेद तयार. या चार अंकांचा अर्थ, बांक रुंदीच्या शेंकडा २, तो पुढच्या कडेपासून चार दशांशांवर, आणि जाडी शेंकडा १२. मग 'ओपर'. मग 'विस्क' आणि त्यापुढें रेनॉल्ड्स संख्या, म्हणजे वेग आणि रुंदी यांच्या गुणाकारास हवेच्या चिकटपणानें भागून येणारी संख्या; आपल्या पंखासाठीं ती सुमारें १,७०,००० (यंत्रास देतांना अर्थात् स्वल्पविरामांवांचून). मग 'आल्फा ४', म्हणजे कोन ४ अंश. कित्येकदां एक्सफॉइलचें गणित जुळत नाहीं, आणि तें तसें उघड सांगतें. मुलांस याचा राग येतो. मला तो त्याचा मोठा गुण वाटतो. एव्हीएलच्या निमूटपणावर तो चांगला उतारा आहे.

हीं साधनें लिहिणाऱ्यांच्या हातून काय घडलें, तेंही सांगण्याजोगें आहे. त्याच विद्यापीठांत त्याच वर्षांत डीडलस नांवाचें, माणसाच्या पायांच्या बळावर उडणारें विमान तयार होत होतें, आणि ड्रेला त्याच्या रचनाकारांपैकीं होते. पंखाची लांबी ३४ मीटर, रिकाम्या विमानाचें वजन अवघें ३१ किलोग्रॅम. २३ एप्रिल १९८८ रोजीं ग्रीसचे सायकलपटु कानेलोस कानेलोपुलोस यांनीं तें पायडल मारीत क्रीट बेटावरून सांतोरिनी बेटापर्यंत, ११५ किलोमीटर, ३ तास ५४ मिनिटांत नेलें. किनारा हाकेच्या अंतरावर असतांना वाऱ्याच्या झोतानें शेपटाचा दांडा मोडला आणि विमान पाण्यांत उतरलें. वैमानिक पोहून बाहेर आले. ज्या विमानाचें प्रत्येक ग्रॅम एका माणसाच्या दमावर तोललेलें, त्याच्या पंखाचा हिशेब रंगांच्या तक्त्यावर भागला नसता.

माझ्या या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, कीं रोमन आज्ञा मराठी माध्यमाच्या मुलांस अडतील. वस्तुस्थिति उलट आहे. वर दिलेले सर्व शब्द मोजले तर दहाच्या आसपास भरतात. एका पुठ्ठ्यावर त्यांचा मराठी अर्थ लिहून तो संगणकाशेजारीं टांगतां येतो. चित्रमय साधनांत मात्र एका खिडकीमागें दुसरी आणि प्रत्येकींत इंग्रजी शब्दांचें रान; त्यांत हें मूल खरोखर हरवतें.

दुसरा आक्षेप असा, कीं जगांत चित्रमय साधनें निघालीं असतां ही जुनी वाट कशासाठीं? एक्सएफएलआर-५ हें तसें एक चांगलें साधन आहे, आणि वरच्या वर्गांत तें खुशाल वापरावें. पण त्याच्याही पोटांत एक्सफॉइलचेंच गणित आहे, हें विसरूं नये. शिवाय बटण दाबलें त्याची खूण मागें राहत नाहीं. वीस ओळींची मजकुराची फाईल मात्र वहीप्रमाणें जपून ठेवतां येते, शिक्षकांस तपासतां येते, आणि पुढल्या वर्षीच्या विद्यार्थ्यास तिच्यापासून आरंभ करतां येतो. आमच्या प्रदर्शनांतील विमानें दरसाल नव्यानें जन्मतात आणि दरसाल कचऱ्यांत जातात, याचें एक कारण मला हेंच दिसतें, कीं मागच्या वर्षीं कोणीं काय केलें तें वाचतां येईल अशा रूपांत कोठेंच नसतें.

म्हणून प्रदर्शन भरविणाऱ्यांस माझी सूचना आहे. विमानाच्या प्रत्येक प्रतिकृतीपाशीं रंगीत तक्त्याच्या आधीं दोन कागद मागावे: एकावर विद्यार्थ्याच्या हस्ताक्षरांत उत्थापनांकाचा हिशेब, दुसऱ्यावर साधनास दिलेली फाईल जशीच्या तशी. परीक्षकांनीं त्या फाईलीच्या चौथ्या ओळीवर बोट ठेवून ते तीन आंकडे कोठून आले एवढेंच विचारावें. तक्ता नसला तरी चालेल.

ज्यांची सपाट फळी जुळली असेल, त्यांनीं पुढें मधली रुंदी ०.३३३ मीटर आणि टोकाची ०.१६७ मीटर करून पाहावी. लांबी तीच, क्षेत्रफळ तेंच ०.५. भोवऱ्यांमुळें होणारा अवरोध आतां घटेल कीं वाढेल, आणि कां, तें आधीं वहींत लिहावें. मग 'एक्स' टंकावें.